बंडी, तांडा, एसटी : दिग्रस परिसरातील सहकुटुंब प्रवासाचा इतिहास

यवतमाळ जिल्ह्याच्या पश्चिम भागात धावंडा नदीच्या काठी वसलेले दिग्रस हे दारव्हा आणि पुसद यांच्या मधले कापसाच्या बाजाराचे गाव आहे. अशा गावाचा इतिहास धुंडाळणाऱ्याला सरकी, रुईच्या गाठी आणि बाजारभाव यांबद्दल हवे तितके कागद सापडतात. परंतु त्याच गावातली माणसे बायकामुलांना घेऊन कोठे जात, कशाने जात आणि वाटेत कोण कोणाजवळ बसे, या प्रश्नांवर ते कागद बहुतेक गप्प राहतात. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरांनी रस्ते मोजले, पूल मोजले, आठवडी बाजारांची यादी केली, पण छप्पर घातलेल्या गाडीच्या आत डोकावणे त्यांच्या कामात बसणारे नव्हते. त्यामुळे हा इतिहास आडमार्गाने, म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या वह्या, लग्नकार्याच्या चालीरीती, रेल्वेचे कायदे आणि एसटीच्या तिकिटांचे नियम यांतून वेचावा लागतो. तो तसा वेचला असता एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. नवरा-बायकोने दोघांनीच आणि केवळ हौसेखातर बाहेर पडणे ही या मुलुखातली फार अलीकडची रीत असून, त्याआधी जोडपे कुटुंबात आणि कुटुंब गावच्या मंडळींत मिसळूनच प्रवासाला निघे. त्या मेळ्याचा आकार आणि त्यातली प्रत्येकाची जागा वाहन आणि शेतीचा हंगाम हे दोघे मिळून ठरवीत.

या रीतीला सर्वांत जुना अपवाद बंजारा समाजाचा आहे. दिग्रस, पुसद आणि शेजारच्या मानोरा तालुक्यात आज जे शेकडो तांडे वसलेले दिसतात, त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखभर फिरत, आणि या वाहतुकीच्या व्यापाराला त्यांच्या बोलीत लदेणी म्हणतात. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात असा एक तांडा भेटला, ज्यात त्याच्या अंदाजाप्रमाणे चौदा हजार बैल होते, आणि या लोकांची बायकामुले व सगळा संसार त्यांच्याबरोबरच चालतो, हे त्याने आवर्जून लिहून ठेवले. अशा तांड्यात प्रवासासाठी घर सोडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण घरच चालत असे. मुक्काम कोठे टाकायचा हे तांड्याचा प्रमुख, म्हणजे नाईक, ठरवी, आणि गोणी लादण्यापासून जनावरांच्या चाऱ्यापर्यंतच्या कामांत बाई पुरुषाच्या बरोबरीने राबे. पक्क्या सडका झाल्या, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगगाडी आली आणि लदेणीचा धंदा बसला. फिरणारे तांडे शेतजमिनीच्या आसपास स्थिरावले आणि चालत्या समूहाचे नाव वस्तीला कायमचे चिकटले.

दिग्रसपासून जवळच, वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात, पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे समाधीस्थान असून बंजारा समाज त्याला आपली काशी मानतो. रामनवमीच्या यात्रेला तेथे महाराष्ट्राबरोबरच तेलंगण आणि कर्नाटकातूनही कुटुंबेच्या कुटुंबे येतात. ज्या समाजाचे सगळे आयुष्यच प्रवासात गेले, त्याने स्थिर झाल्यावर वर्षातून एकदा ठरावीक जागी जमण्यासाठी प्रवास करावा, हा बदल वाटतो त्याहून मोठा आहे. चरितार्थासाठी चालणे संपले आणि भेटीगाठींसाठी जाणे सुरू झाले. गावात घर असलेल्या कुणबी, माळी किंवा तेली कुटुंबाची गोष्ट अगदी उलटी होती. त्यांच्यासाठी गावाची शीव ओलांडायला काही तरी कारण लागे, आणि ते कारण चारचौघांत सांगता येण्याजोगे असावे लागे.

अशा कुटुंबांचे वाहन म्हणजे बैलगाडी. तिचे प्रकार वऱ्हाडात काटेकोरपणे वेगळे मानले जात. माल वाहणारी जड गाडी ती बंडी. तिच्यात कापूस, कडबा आणि शेणखत जाई. माणसांसाठी हलकी, वेगवान गाडी वापरीत, ती रेंगी किंवा दमणी, आणि ज्याच्या दारात दमणी उभी तो घरचा बरा, असा हिशेब असे. ज्याच्याकडे ती नसे तो बंडीलाच बांबूच्या तट्ट्या लावून आत कडब्याचा थर अंथरी, त्यावर गोधडी टाकी आणि वर ताडपत्री किंवा जुने लुगडे बांधून सावली करी. आत बायका, लेकरे, म्हातारी माणसे आणि शिदोरीचे गाठोडे. धुरेवर गाडी हाकणारा. बाकीचे पुरुष चालत. तासन् तास चाललेल्या प्रवासात नवरा आणि बायको यांच्यामध्ये तट्ट्या असत, आणि दोघांचे बोलणे व्हायचे ते सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आसाला द्यायचे वंगण एका पोकळ बांबूत भरून गाडीला टांगलेले असे, उन्हाळ्यात रात्रीची वाट धरली की आसाखाली कंदील लोंबे, आणि रान तुडवायचे असेल तर चार-सहा गाड्या मिळून निघत, कारण आस मोडला किंवा बैल बसला तर दुसरी गाडी हाताशी असणे हाच एकमेव विमा होता.

दिग्रसच्या आसमंतातली काळी, चिकट कापसाची जमीन पावसाळ्यात गाडीचे चाक अर्ध्यापर्यंत गिळते. त्यामुळे मृगापासून दसऱ्यापर्यंत दूरचा प्रवास जवळपास बंदच असे. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, म्हणून त्या दिवशी कोणी गाडी जुंपत नसे. दिवाळीपासून कापूस वेचणीची घाई सुरू होई, आणि मग माघानंतर, शेत मोकळे झाले आणि बैल रिकामे झाले की लग्ने, जत्रा आणि नवस यांची एकच गर्दी उसळे. वैशाखातल्या लग्नसराईचे कारण मुहूर्तांत जितके आहे तितकेच बैलांच्या सवडीतही आहे.

या सगळ्या धामधुमीत स्त्रीचा सर्वांत नेहमीचा प्रवास, म्हणजे सासर ते माहेर आणि माहेर ते सासर, नवऱ्याशिवाय होत असे, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. सासुरवाशिणीला माहेरी न्यायला तिचा भाऊ किंवा घरचा कोणी पुरुष येई, त्याला मुऱ्हाळी म्हणत. नव्या नवरीबरोबर पहिल्यांदा सासरी जाणारी वडीलधारी बाई ती पाठराखीण. एक आणायला, दुसरी पोचवायला, अशी सोबतीची पक्की व्यवस्था समाजाने लावून दिली होती आणि तिच्यात नवऱ्याला जागा नव्हती. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, किंवा दिवाळीला मुऱ्हाळ्याची वाट पाहणारी बहीण जात्यावरच्या ओव्यांत पुन्हा पुन्हा भेटते, आणि त्या ओव्यांतली गाडी, तिचे बैल, त्यांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा हे सारे भावाच्या मालकीचे असते.

जोडप्याला एकत्र बाहेर पडण्याचा निर्विवाद अधिकार दिला तो धर्मकार्याने. लग्नानंतर कुलदैवताला जोडीने जाणे, मुलाचे जावळ काढणे, नवस फेडणे यांसाठी पती-पत्नी दोघेही हजर असावे लागत, आणि दिग्रसच्या कितीतरी घरांसाठी हे ठिकाण म्हणजे माहूर होते. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक मानलेले रेणुकेचे स्थान, दत्तशिखर आणि अनसूयामातेचे शिखर अशी तीन डोंगरांवरची ही यात्रा. नवरात्रात आणि मार्गशीर्षातल्या दत्तजयंतीला तेथे लोटणारी गर्दी आजही ओसरलेली नाही. बैलगाडीच्या काळात दिग्रसहून माहूर म्हणजे वाटेत मुक्काम ठरलेला, आणि शेवटी पैनगंगा ओलांडायची.

ही नदी केवळ पाण्याची नव्हती. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवल्यापासून पैनगंगेच्या उत्तरेला इंग्रजांचा कारभार आणि दक्षिणेला हैदराबाद संस्थान, अशी सरहद्द या पात्रातून गेली होती. पलीकडे हाली सिक्का हे संस्थानचे स्वतःचे चलन चाले, करोडगिरी म्हणजे जकातीचे खाते वेगळे होते, कचेरीची भाषा वेगळी होती. देवीची ओटी भरायला निघालेली दिग्रसची बाई एका अर्थाने परराज्यात जात होती, पण तिच्या लेखी नदीच्या दोन्ही काठांवर एकच आई नांदत होती. सरहद्दीचा त्रास पुरुषांना होई, कारण नाणी त्यांच्या कनवटीला असत. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ही सरहद्द मिटली, आणि आज धनोड्याजवळच्या पुलावरून नदी ओलांडणाऱ्याला आपण एके काळची राज्यसीमा पार करत आहोत याची पुसटशीही जाणीव होत नाही.

माहूरच्या देवळात प्रसाद म्हणून मिळतो तो तांबूल, म्हणजे विड्याची पाने, सुपारी, कात वगैरे खलबत्त्यात कुटून केलेला गोळा. पण सहकुटुंब यात्रेचे खरे जेवण देवळाबाहेर, झाडाखाली होई, आणि वऱ्हाडात नवसाच्या पंगतीत मान रोडग्यांना असे. जाडसर दळलेली कणीक घट्ट मळून, तेलाचा हात लावत पाऱ्या एकात एक गुंडाळून मुठीएवढे गोळे वळायचे, शेणाच्या गोवऱ्या रचून पेटवायच्या, ज्वाळा विझून विस्तव राहिला की त्यात हे गोळे पुरायचे, फिरवत राहायचे, बाहेर काढून राख झटकायची आणि फोडून तुपाबरोबर वाढायचे. जोडीला तिखटजाळ वांग्याची भाजी आणि वरण. भांडी कमी, पोळपाट-लाटणे नको, वाटेतल्या कोणत्याही शेतात शिजवता येईल असे हे अन्न आहे. घरी चुलीकडे न फिरकणारा पुरुष येथे मात्र गोवऱ्या रचतो, रोडगे भाजतो आणि त्याची फुशारकीही मारतो. घराबाहेर पडल्याने घरातल्या कामांची वाटणी दोन दिवसांपुरती का होईना उलटी होते, हे सहकुटुंब प्रवासाचे जुने आणि कमी नोंदवलेले वैशिष्ट्य आहे.

दूरच्या यात्रेचा पल्ला रेल्वेने बदलला. मुंबईहून भुसावळमार्गे निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली, आणि १८७० साली भुसावळ, इटारसी, जबलपूर, अलाहाबाद हा मार्ग जोडला गेला, तेव्हा वऱ्हाडातल्या खेड्यातून काशी-प्रयागला जाणे महिन्यांवरून दिवसांवर आले. वाटेत मृत्यू येईल म्हणून निरोप घेऊन निघणारी म्हातारी माणसे ज्या यात्रेला जात, तिला आता तरुण जोडपीही जाऊ लागली. प्रयागला गेलेल्या महाराष्ट्रीय जोडप्याने करायचा वेणीदान नावाचा एक विधी आहे. त्यात त्रिवेणी संगमावर पती आपल्या हाताने पत्नीची वेणी घालतो, फुले माळतो आणि वेणीचे टोक कापून नदीला अर्पण करतो. ज्या समाजात नवऱ्याने चारचौघांत बायकोशी मोकळेपणाने बोलणेही वावगे समजत, तेथे हा विधी सगळ्या मंडळींसमोर होई. परत आल्यावर गंगेच्या पाण्याच्या कलशाची पूजा आणि मावंदे, म्हणजे यात्रा सुखरूप झाल्याचे गावजेवण, घालणे आवश्यक होते. दोघांनी केलेला प्रवास अशा रीतीने शेवटी सगळ्या गावाच्या खात्यावर जमा होई.

तीर्थाच्या ठिकाणी उपाध्ये यजमानांच्या ज्या वह्या ठेवतात, त्यांत गाव, कूळ आणि आलेल्या माणसांची नावे पिढ्यान् पिढ्या उतरवलेली असतात. बायका तेथे कोणाची पत्नी, कोणाची आई म्हणूनच येतात हे खरे. तरी सातबारा, खरेदीखत किंवा मतदारयादी यांच्या कितीतरी आधी ज्या कागदावर सामान्य घरातल्या स्त्रीचे नाव आले असेल, तो कागद बहुधा प्रवासाने निर्माण केलेला आहे.

रेल्वेने जोडप्याला लांब नेले खरे, पण वाटेत त्याची ताटातूटही केली. १८९० च्या रेल्वे कायद्याने प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा स्त्रियांसाठी राखून ठेवणे कंपन्यांवर बंधनकारक केले, आणि गाडी पन्नास मैलांहून लांब जाणारी असेल तर त्या कप्प्यात शौचकूप असावे अशीही तरतूद केली. परक्या पुरुषांच्या गर्दीत बायको बसणार नाही म्हणून जी कुटुंबे घराबाहेर पडतच नसती, त्यांच्यासाठी ही सोय मोलाची होती; मात्र नवरा एका डब्यात आणि बायको दुसऱ्यात, असा प्रवास होऊ लागला. बैलगाडीत मध्ये तट्ट्या होत्या, येथे मध्ये डब्यांची भिंत आली. फलाटावर गाडी थांबली की धावत जाऊन बायकांच्या डब्याच्या खिडकीशी पाण्याचा तांब्या देणे, एवढाच काय तो संसार.

दिग्रसला स्वतःला मोठ्या रुळांची गाडी मिळाली नाही. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने १९१० साली स्थापलेल्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीने मूर्तिजापूर ते यवतमाळ असा अरुंद रुळांचा मार्ग कारंजा आणि दारव्ह्यावरून टाकला, आणि त्यावर दिग्रसकरांना जवळचे स्थानक दारव्हा होते. मूळ हेतू कापसाचा. माणसांची सोय हा त्याचा जोडधंदा. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून थेट १५ एप्रिल १९९४ पर्यंत या मार्गावर गाडी ओढत होते, आणि लोकांनी या गाडीला लाडाने शकुंतला असे नाव दिले. नरसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानासाठी कारंज्याला जाणाऱ्या, किंवा मूर्तिजापूरला मोठी गाडी पकडणाऱ्या कुटुंबांना तिच्या संथपणाचे फारसे दुःख नव्हते. आज तिच्याबद्दल जे भावूक लिहिले जाते त्यातला बराच भाग ती बंद पडू लागल्यानंतरचा आहे, हेही नमूद करायला हवे. ज्यांना दवाखाना गाठायचा होता त्यांनी केव्हाच मोटार पकडली होती.

मोटारगाडीचा अंमल येथे एसटीने पक्का केला. मुंबई राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला सुटली, तेव्हा यवतमाळ जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता; राज्यांच्या पुनर्रचनेत विदर्भ १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला, आणि तिकडच्या जुन्या प्रवासी सेवा राज्य परिवहनात सामावल्या गेल्या. पुढे दिग्रसला आगार झाले. एसटीच्या बाकाने एक साधी गोष्ट केली, ती म्हणजे नवरा आणि बायको शेजारी शेजारी बसू लागले. स्त्रियांसाठी काही जागा राखीव असल्या तरी स्वतंत्र डबा नव्हता, आणि खिडकीजवळ बायको, मग मांडीवर लेकरू घेतलेला नवरा, अशी जी मांडणी आज कोणाच्या लक्षातही येत नाही, ती दमणी आणि रेल्वे या दोन्हींच्या तुलनेत नवी होती. लग्नाच्या वऱ्हाडासाठी अख्खी गाडी ठरवण्याची, आणि काही दिवसांचा पास काढून राज्यभर हिंडण्याची सोयही एसटीनेच दिली.

हौसेच्या प्रवासाला दुसरा टेकू मिळाला तो सरकारी नोकरीचा. शिक्षक, तलाठी, कारकून अशा नोकरदारांना रजा प्रवास सवलतीत स्वग्रामाला जाण्याबरोबरच महाराष्ट्र दर्शनाचाही खर्च मिळू लागला. या सवलतीत कुटुंब म्हणजे कोण हे नियमाने ठरलेले असते: पती किंवा पत्नी, अवलंबून असलेली मुले, ठरावीक अटींत आईवडील. चुलत्यांची, आत्यांची, शेजाऱ्यांची सोबत बिलात बसत नाही. गावच्या गाड्यांतून निघणारा मेळा चौकोनी कुटुंबावर आला, त्यात शहरी विचारांइतकाच या बिलाच्या नमुन्याचाही वाटा असावा. अमरावती जिल्ह्यातले चिखलदरा हे विदर्भातले एकमेव थंड हवेचे ठिकाण नव्या जोडप्यांचे ठरलेले मुक्काम बनले. पण तेथून परतताना किंवा जाण्याआधी माहूरला डोके टेकवण्याची चाल मोडली नाही, आणि घरच्यांना सांगताना नाव आधी देवीचेच घेतले जाई.

याच परिसरातून दरवर्षी निघणारा आणखी एक जोडप्यांचा प्रवास मात्र पर्यटनाच्या इतिहासात कधी मोजला जात नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास तांड्यांतली आणि कोरडवाहू गावांतली कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे जातात. मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा मध्यस्थ, उचल देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक कोयता असा हिशेब धरला जातो, आणि एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. लदेणीच्या काळातला संसार बैलाच्या पाठीवर होता, हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत असतो; ताडपत्री, पातेली, शेळी, शाळेतून नाव काढलेले लेकरू असे सगळे त्यात असते. पती-पत्नीने बरोबर प्रवास करण्याची सक्ती जेथे खरोखर आहे, ती येथे आहे, आणि तिच्यात सुखाचा अंश फार थोडा आहे.

गेल्या काही वर्षांत या नकाशात भर पडली आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा रुंद रुळांचा मार्ग दारव्हा, दिग्रस, पुसदवरून जाणार असून, त्याच्या वर्धा ते कळंब या पहिल्या टप्प्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये गाडी सुरू झाली; पोहरादेवीला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बंजारा विरासत संग्रहालय उघडले. परंतु सोबतीच्या रीतीवर सर्वांत थेट परिणाम केला तो तिकिटाच्या दराने. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना एसटी मोफत झाली आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट लागू झाले. जेथे पूर्वी बाईच्या प्रवासाला मुऱ्हाळी, पाठराखीण किंवा नवरा यांपैकी कोणी तरी लागे आणि त्याचे भाडेही धरावे लागे, तेथे आता चार मैत्रिणी, जावा किंवा बचत गटातल्या बायका मिळून सकाळच्या गाडीने माहूरला किंवा शेगावला जातात आणि संध्याकाळी परततात. या खर्चात पुरुषाचे तिकीट सर्वांत महाग पडते, म्हणून तोच घरी राहतो.